इंजिनाने खाल्लेली सीट

व्हॅन सोसायटीत पहिल्यांदा आली ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून, टोचन करून. वॉचमनने गेट उघडण्याआधी सेक्रेटरींना फोन लावला. ते लुंगीवरच खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागचं दार उघडून आत डोकावले. आत दोन्ही बाजूंना स्ट्रेचर अडकवायच्या लोखंडी पट्ट्या होत्या. छतावर जिथे दिवा होता तिथे आता नुसतं भोक राहिलं होतं.

"हे काय आणलंत?"

"जुनी रुग्णवाहिका आहे. लिलावात घेतली. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय करणार आहे. कॅम्पर."

"म्हणजे घरच की. मग मेंटेनन्स कुठला लावू, पार्किंगचा की फ्लॅटचा?" ते स्वतःच हसले. मीही हसलो. जाता जाता म्हणाले, "एकटे राहता तुम्ही. दोन-दोन घरं कशाला लागतात?"

ते बोलले त्यात वाईट हेतू नव्हता. आमच्या सानपाड्याच्या इमारतीत मी एकटा राहतो हे सगळ्यांना माहीत होतं. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला आणि बायको मिरजेला, तिच्या मोठ्या बहिणीकडे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती महिन्याभरासाठी गेली आणि मग राहिलीच. आमचं भांडण झालं नव्हतं. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. दूधवाला किती दूध टाकतो, बीपीची गोळी घेतली का, मुलीचा फोन आला होता का. "कधी येतेस?" असं विचारलं की म्हणायची, "येते हो. घाई काय आहे?" तिच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर मी काहीतरी बाजू तरी मांडली असती.

मी कुकरच्या भांड्यातूनच भात खायचो, ताटात वाढून घ्यायचं बंद केलं होतं. रात्री पलंगावर माझ्याच बाजूला झोपायचो. दुसरी बाजू मोकळी असून तिकडे सरकायला धजत नव्हतो. कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, तीही बायको गेल्यानंतर. हे लिहितानाही लाज वाटते, कारण ती इथे होती तेव्हा मी ज्या ज्या सहली रद्द केल्या त्या सगळ्या "निवृत्तीनंतर बघू" या एका वाक्यावर केल्या होत्या. मग निवृत्ती आली तेव्हा ज्या माणसाला ते वाक्य ऐकवलं होतं ते माणूस घरात नव्हतं.

व्हॅन घेण्यामागे एक प्रसंग होता. मुलगी शाळेत असताना आम्ही एकदा भाड्याची गाडी करून कोकणात गेलो होतो. एका किनाऱ्याकडे जाणारा कच्चा रस्ता चिखलाने भरला होता आणि ड्रायव्हरने पुढे जायला नकार दिला. चाकं रुतली तर कोण काढणार, असं त्याचं म्हणणं. मी पुढच्या सीटवरून "चला, वळवा" म्हणालो. पण बायको मागून उतरली आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पुष्कळ वेळ उभी होती. पाठमोरी, पदर वाऱ्यावर, झाडांच्या पलीकडून समुद्राचा आवाज येत होता. मला तिला दोनदा हाक मारावी लागली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता आणि ती घरापर्यंत काही बोलली नाही. तिला तो किनारा पाहायचा होता आणि मी वळवा म्हणालो, ही टोचणी माझ्या मनात तेव्हापासून राहिली.

म्हणून लिलावाच्या जाहिरातीत, डोंगराळ भागात चालवलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी व्हॅन, असं वाचलं तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. अशी गाडी चिखलात अडत नाही. तिच्यातून बायकोला मी त्या किनाऱ्यावर नेणार होतो. तिला काही सांगितलं नाही. तयार झाल्यावर दाखवायचं ठरवलं.

गाडीचं इंजिन गेलेलं होतं. काळा धूर, पाण्यात तेल, आणि सुटे भाग मिळणं बंद होऊन जमाना झाला होता. दिघ्याला एक गॅरेजवाला भेटला. मूळचा सांगोल्याकडचा, माझ्यापेक्षा थोडा लहान, सतत बोलणारा. इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची परवानगी आधी काढावी लागते हे त्यानेच सांगितलं आणि ती मिळेपर्यंत गाडीला पान्यानेही शिवला नाही. मग त्याच इंधनावर चालणारं दुसरं इंजिन शोधलं. एका अपघातातल्या जीपचं होतं. ते सुरू करून ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "बघा साहेब, म्हातारीला जवान पोराचं काळीज बसवतोय."

या जातीच्या व्हॅनमध्ये इंजिन नाकात नसतं. ते पुढच्या दोन सीटच्या मधोमध, खाली असतं आणि त्यावर एक पत्र्याचा पेटारा असतो. ड्रायव्हर एका बाजूला, शेजारी बसणारा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये तो गरम पेटारा. जुनं इंजिन साखळीच्या कप्पीवर वर चढलं तेव्हा सीटच्या मध्ये मोठा खड्डा दिसला आणि त्यातून खाली गॅरेजची तेलकट फरशी. मी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. गॅरेजवाला चहा प्यायला गेला तरी मी तिथेच होतो. त्या काळात मला बसायला ठिकाण हवं असायचं आणि गॅरेज हे बरं ठिकाण होतं. तिथे कुणी, वहिनी कधी येणार, असं विचारत नव्हतं.

नवीन इंजिन उतरवलं तर ते बसेना.

"चेंबर खाली टेकतंय साहेब," गाडीखालून तो ओरडला. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं पात्र. "पुढच्या चाकास्नी ताकद नेणारा अॅक्सल आडवा हाय ना, त्याच्यावर आदळतंय."

"मग?"

तो बाहेर आला, हात पुसले. "वर उचलू. आन् जरा डाव्या अंगाला सरकवू. इंजिनाचं फाउंडेशन नवीन करू. पेटारा मोठा करावा लागंल, बास."

"डावीकडे सीट आहे."

"ती निघंल."

त्याने माझ्याकडे बघितलं. "तिथं कोण बसणार हाय? तुमी तर एकलेच दिसताय रोज. का मॅडम बी येणार हायेत?"

"येणार आहे ना. पण ती मागे बसेल," मी म्हणालो. "तिला सवय आहे मागे बसायची."

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. त्यानेही सहज ऐकलं आणि त्या दुपारी पाने लावून डावीकडची सीट उघडली, भिंतीला टेकवून ठेवली. त्यावर पुढे त्याचं मांजर झोपायचं.

इंजिन बसलं, पेटारा मोठा झाला, इतका की डाव्या दारापर्यंत जेमतेम एक पिशवी मावेल एवढी जागा उरली. मग मागचं काम मी स्वतः घेतलं. सेक्रेटरींनी अखेर पाहुण्यांच्या पार्किंगचा कोपरा दिला, "पण ठोकाठोकी दुपारी करायची नाही," या अटीवर. मी प्लायवूड कापलं, पलंग केला, त्याखाली खण केले. एका बाजूला, खिडकीजवळ, आडवी बसायची जागा केली, त्यावर जाड गादी. ती तिच्यासाठी. आणि तिच्यासमोर ओटा. ओट्याची उंची घरच्या ओट्याची मोजून घेतली, कारण घरचा ओटा बांधताना तिने गवंड्याला तो दोन बोटं खाली घ्यायला लावला होता. ती ठेंगणी आहे. हे मला लक्षात होतं आणि ते लक्षात असल्याचा मला अभिमान वाटत होता. शेगडी बसवली, मसाल्यांच्या बाटल्या पडू नयेत म्हणून पट्टी ठोकली. काम करताना मी तिच्याशी मनात बोलत असे. संध्याकाळी फोनवर मात्र दूध आणि गोळ्या.

ती आली ती बँकेच्या कामासाठी. खात्याला काहीतरी कागद द्यायचे होते. दोन दिवसांची बॅग घेऊन आली, ती बॅग तिने हॉलमध्येच ठेवली, कपाटात काही लावलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले. "सगळं जिथल्या तिथे आहे," म्हणाली. मग, "म्हणजे काही केलंच नाहीत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला खाली नेलं. दार सरकवलं.

ती आत चढली. पलंगावर हात फिरवला, खण उघडून बंद केले. पडद्यांना "रंग बरा आहे" म्हणाली. ओट्यापाशी थांबली. त्यावर दोन्ही हात टेकवून उभी राहिली, घरी उभी राहते तशी.

"उंची बरोबर घेतलीत."

"घरची मोजली."

"हं. इथेही पोहे मीच करायचे म्हणजे." ती हसत म्हणाली. मी पण हसलो. आपण चेष्टेत मान्य केलेल्या गोष्टी नंतर किती जड होतात हे मला त्या क्षणी कळलं नाही.

मग तिने पुढे पाहिलं. "आणि मी कुठे बसायचं?"

"ही काय, खिडकीजवळ. पूर्ण खिडकी तुझी."

ती पुढच्या त्या पेटाऱ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. आडव्या जागेवर बसली, पर्स मांडीवर घेतली.

मी पाम बीच रोडने निघालो, उरणच्या दिशेने. द्रोणागिरीकडे रस्ते रुंद आहेत, एका बाजूला कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे असतात, दुसऱ्या बाजूला कुंपण घातलेले रिकामे भूखंड. नव्या इंजिनाचा जोर दाखवायला चांगला रस्ता. मी पुढून मोठ्याने सांगत होतो, आता तिसरा गिअर, आता बघ चढ कसा घेते. पेटाऱ्यातून आवाज असा येत होता की माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं. मी एकटाच बोलत होतो हे पुष्कळ पुढे गेल्यावर लक्षात आलं. मागून ठण ठण असा आवाज येत होता. मला वाटलं भांडी हलतायत. आरशात पाहिलं तर ती स्टीलच्या पेल्याने ओट्यावर ठोकत होती.

गाडी थांबवली. मी उतरून मागे येईपर्यंत तिने दार उघडलं होतं. ती खाली उतरून एका भूखंडाच्या कुंपणाला धरून उभी राहिली, मग वाकली. उलटी झाली. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होतो आणि पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. इतक्या दिवसांनी तो हात ठेवायचा अधिकार आहे की नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. शेवटी बाटलीच पुढे केली.

"सकाळी काही वेगळं खाल्लंस का?"

तिने चूळ भरली. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. पर्समधून आवळा सुपारीची डबी काढली आणि चिमूटभर तोंडात टाकली. ती डबी मी आमच्या लग्नापासून पाहत आलो आहे. तिला आवडते असं मी सगळ्यांना सांगायचो. परदेशातून येणाऱ्या भाच्याला मी म्हटलं होतं, मावशीला काही आणू नकोस, तिला फक्त आवळा सुपारी लागते.

"अहो, मला गाडी लागते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून." आणि ती चक्क हसली. "मागे बसलं की जास्त. आडवं बसलं की तर विचारूच नका."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"आईंना लागायची ना. दोघी पुढे कशा बसणार?"

माझ्या आईला गाडी लागायची. हे आमच्या घरातलं सर्वांत जाहीर सत्य होतं. आई पुढे बसायची, खिडकी उघडी, हातात लिंबू. आई गेल्यावर मुलगी पुढे बसायला लागली, कारण तिला गाणी लावायची असत. भाड्याची गाडी असली की ड्रायव्हरशेजारी मी, कारण पुरुषाने पुढे बसायचं, रस्ता विचारायचा, टोल द्यायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं की तिचे पाय आपोआप मागच्या दाराकडे वळायचे. मी तिच्या पायांची ही सवय बघितली होती आणि तिला आवड समजलो होतो.

मी तिच्या शेजारच्या दगडावर बसलो. समोरून एक ट्रेलर धूळ उडवत गेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला तो चिखलाचा रस्ता आठवतो का विचारलं. म्हटलं, त्या किनाऱ्यासाठीच ही चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेतली. तू तिथे किती वेळ उभी होतीस.

तिला आठवायला वेळ लागला.

"तो? अहो, मला मळमळत होतं. वारा घेत होते." मग माझ्याकडे पाहून, जरा खालच्या आवाजात, "समुद्राचं काय, तो दादरलाही आहे."

येताना मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न देत होते. तिला म्हटलं होतं, रिक्षा करतो. "नको, डोळे मिटून पडते," म्हणाली आणि मी बनवलेल्या पलंगावर आडवी झाली. तो पलंग पहिल्यांदा वापरला गेला तो असा.

दुसऱ्या संध्याकाळी तिची मिरजेची बस होती. बॅग मी उचलली. बस यायच्या आधी ती म्हणाली, "गाडी छान केलीत हो. मनापासून सांगते. सुतारकाम किती सफाईचं आहे."

"येशील का? कुठेही जाऊ. तू म्हणशील तिथे."

ती बसच्या दिशेने बघत होती. "मला आता मागे बसवत नाही," एवढंच म्हणाली. तिला बसमध्ये पुढची, ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची जागा मिळाली होती. तिने स्वतः मागून घेतली होती. काचेतून हात हलवला.

घरी आल्यावर मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. पेल्याने ठोकलेल्या जागी ओट्याच्या कडेला बारीक खळगे पडले होते. मी बोटाने चाचपले. मी गिअरबद्दल ओरडत असताना ती किती वेळ ठोकत होती, हे मला कधीच कळणार नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही.

काही दिवसांनी गाडी परत दिघ्याला नेली.

"डावी सीट परत बसवायची आहे," मी म्हणालो.

"कुठं? पेटाऱ्यावर?" गॅरेजवाला हसला. मग मी हसत नाही हे पाहून गाडीखाली शिरला, बॅटरी मारून पाहिलं. बाहेर आला तो मान हलवत. "इंजिन खाली घ्यायचं तर पुढचा अॅक्सल काढाया लागंल. ह्याच गाडीच्या साध्या मॉडेलचा मिळतो, मधी वाकलेला. त्यात चेंबर बसतं. पन मग पुढच्या चाकांची ताकद गेली. ही साधी व्हॅन झाली साहेब. टेम्पोसारखी."

"चालेल."

"चालेल काय! लोक फोर-व्हील लावाया येतात, तुमी काढाया आलात? म्या एवढं जीव लावून केलं. पासिंगचं परत सगळं करावं लागंल." तो खरोखर दुखावला होता. थोडं थांबून म्हणाला, "मॅडम येतो म्हनल्या का?"

"नाही."

"मग?"

मी म्हणालो, "मग काही नाही. तू काढ."

त्याने पुढचे दोन दिवस माझ्याशी नीट शब्दही काढला नाही. पण काम केलं. इंजिन पुन्हा कप्पीवर चढलं आणि पुन्हा तो खड्डा दिसला. काढलेला अॅक्सल गॅरेजच्या दारात पडला होता, जड, काळा, ज्याच्या जोरावर मी कुठल्याही चिखलातून जाणार होतो. या खेपेला मी खड्ड्याकडे बघत बसलो नाही. गाडीत मागे चढून ओट्यावरची शेगडी काढली आणि ती गाडीच्या मागच्या दाराला, बाहेरच्या बाजूने, माझ्या उंचीला लावली. वाकून करायची सवय नाही मला. पोहे करायला शिकतो आहे. पहिल्यांदा भिजवले ते लगदा झाले.

इंजिन खाली बसलं, पेटारा लहान झाला. गॅरेजवाल्याने मांजराला उठवून सीट झटकली आणि दारापाशी आणली. तोंडात बोल्ट धरून विचारलं, "किती उंच ठिऊ? पहिल्यासारखी?"

मी हो म्हणणारच होतो. हात वर गेलाही, अंदाजाने एवढी, असं दाखवायला. मग तो खाली घेतला आणि फोन काढला. दुपारची वेळ होती. आमचा फोन संध्याकाळी असतो, त्यामुळे तिने घाबरून उचलला.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. गॅरेजमध्ये आहे. पुढची सीट बसवतोय, शेजारची. तुला किती उंच हवी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"फोर-व्हील काढून टाकलं," मी म्हणालो. "म्हणजे तू यायलाच पाहिजेस असं नाही. फक्त उंची विचारतोय."

"पाय टेकले पाहिजेत," ती म्हणाली. सावकाश, आठवून आठवून म्हणाल्यासारखं. "माझे कुठल्याच गाडीत टेकत नाहीत."

"म्हणजे किती ते सांग. इंचात."

"मला काय माहीत इंचात? थांबा, ताईच्या मशीनवर टेप आहे."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. गॅरेजवाला बोल्ट तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला हाताने खूण केली, थांब. मिरजेच्या त्या घरात ती खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकवत असणार आणि टेप गुडघ्यापासून खाली सोडत असणार. मी फोन कानाला घट्ट लावला आणि ऐकत राहिलो.